दाराची किल्ली विकणारी शाळा

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या हाती शाळेने दिलेला एक कागद असतो. अमेरिकेत त्याला आय-ट्वेंटी म्हणतात. त्याच्या जोरावर व्हिसा मिळतो. म्हणजे देशाच्या दाराची एक किल्लीच सरकारने शाळेच्या हवाली केलेली असते. ती किल्ली शाळेनेच विकायला काढली तर शिक्षा किती असावी?

कॅलिफोर्नियातील प्लेझन्टन गावी ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी नावाने असे दुकान चालले होते. विद्यार्थी सुमारे दीड हजार, त्यांत बहुतेक भारतीय. पाचशेहून अधिकांचा पत्ता एकाच फ्लॅटचा! २०११ च्या जानेवारीत छापा पडला. २०१४ साली चालिकेला १६ वर्षांहून अधिक कैद झाली आणि ५६ लाख डॉलर जप्त करण्याचा हुकूम निघाला.

कोणी म्हणेल, जीव तर कोणाचा घेतला नाही, मग एवढी शिक्षा कशाला? आम्हांस ती जड वाटत नाही. चोराने कुलूप फोडणे वेगळे आणि राखणदाराने दार उघडून देणे वेगळे. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी? नुसता दंड केला तर असा दुकानदार तो धंद्याच्या खर्चात धरतो नि पुढच्या गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. तुरुंगातली वर्षे कोणाकडून वसूल करता येत नाहीत.

आणि गिऱ्हाइकाचे काय? हा नुसता कागदाचा व्यवहार आहे हे ज्याला ठाऊक होते, नवे विद्यार्थी आणून ज्याने फीतला हिस्सा घेतला, त्याला आम्ही निर्दोष म्हणणार नाही. पण त्या शाळेला सरकारचीच मान्यता होती. तिच्यावर भरवसा ठेवून आलेल्या मुलाने आणखी काय तपासायचे होते? चालिकेचा दोष ठरायला तीन वर्षे लागली. काही विद्यार्थ्यांच्या पायांत मात्र माग काढणारे पट्टे लगेच पडले. भारत सरकारने त्याचा निषेध केला, तो योग्यच होता. कोणाला किती ठाऊक होते आणि कोणाच्या हाती किती अधिकार होता, हे पाहूनच शिक्षेचे माप ठरावे.

आपण सारी कागदाच्या आधाराने देश बदललेली माणसे. परक्या दारी आपला शब्द मानला जातो, तो आपल्या आधी आलेल्यांचे कागद खरे निघाले म्हणून. खोटा कागद विकणारा मागून येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक मुलावर संशय ओढवून ठेवतो. त्या मुलाची बाजू कोर्टात कोणी मांडत नाही. ती कठोर शिक्षेनेच मांडली जाते.