पेटीतील लुगडी

घरातील आई किंवा वडील देवाघरी गेले म्हणजे पहिले काही दिवस कसे जातात ते कळत नाही. अंत्यविधी, सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा हे सारे रीतीप्रमाणे पार पडते. धर्मग्रामातील माणसे येतात, सांत्वन करतात, आपल्यासोबत गुडघे टेकून माळेची प्रार्थना म्हणतात. काय करावे हे सांगणारे कोणी ना कोणी त्या दिवसांत जवळ असते. खरा प्रश्न उभा राहतो तो नंतर, आणि तोही बहुधा एखाद्या बंद कपाटापुढे. मागे राहिलेल्या वस्तूंचे आता काय करायचे?

आमच्या घरी हा प्रश्न आईच्या लुगड्यांवरून निर्माण झाला. वसईच्या जुन्या पिढीतील अनेक स्त्रियांप्रमाणे आईने जन्मभर नऊवारी लुगडेच नेसले. त्यातील एक नेसवून आम्ही तिला निरोप दिला. उरलेली अकरा लोखंडी पेटीत घडी करून ठेवली. वर्षाची मिस्सा झाली तरी पेटीला कोणी हात लावला नव्हता. उन्हाळ्यात मावशी राहायला आली. तिने पेटी उघडली आणि सहज म्हणाली, “आगोटीपूर्वी यांच्या गोधड्या शिवून काढू. तुमच्या आईनेही आमच्या आईच्या लुगड्यांच्या शिवल्या होत्या.”

थोरल्या बहिणीला ते सहन झाले नाही. “ख्रिस्तसभा संतांची वस्त्रे पवित्र अवशेष म्हणून शतकानुशतके जपते,” ती म्हणाली, “आणि आपण आईच्या लुगड्यांना कात्री लावायची?” परदेशी नोकरीला असलेला धाकटा भाऊ सुट्टीवर आला होता. आईच्या अंत्यविधीला त्याला पोहोचता आले नव्हते. तो काहीच बोलला नाही.

बहिणीचा प्रश्न भावनेच्या भरात विचारलेला असला, तरी भावनेपुरता नव्हता. प्रिय व्यक्तीची वस्तू जशीच्या तशी जपण्यात तिचा मान राहतो, की ती वापरात आणण्यात? त्या रात्री मला संत मार्टिन यांची आठवण झाली. चौथ्या शतकातील हा तरुण रोमन सैन्यात होता. त्याचा स्नानसंस्कारही अजून व्हायचा होता. फ्रान्समधील आमियें शहराच्या वेशीपाशी थंडीने कुडकुडणारा एक भिकारी त्याला दिसला. मार्टिनने तलवारीने आपल्या झग्याचे दोन तुकडे केले आणि एक त्या भिकाऱ्याला दिला. पुढे ते तूर नगरीचे बिशप झाले. त्यांचा झगा म्हणून फ्रँक राजांनी एक वस्त्र मोठ्या भक्तीने जपले. अशा झग्यास लॅटिनमध्ये ‘कापा’ म्हणत. तो जेथे ठेवला जाई त्या स्थळास ‘कापेला’ हे नाव पडले आणि त्यावरूनच ‘चॅपल’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे ज्या वस्त्रावरून आपल्या चॅपलला नाव मिळाले, त्याचा महिमा ते अखंड राहिले म्हणून नव्हे, तर ते कापले गेले म्हणून आहे.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या नवव्या अध्यायातही असाच एक प्रसंग आहे. यापो गावची टबीथा म्हणजेच दुर्कस मरण पावते. संत पेत्र येतात तेव्हा विधवा रडत त्यांच्याभोवती उभ्या राहतात आणि दुर्कसने हयातीत केलेली वस्त्रे त्यांना दाखवतात. दुर्कस स्वतः काय नेसत असे, याचा तेथे उल्लेख नाही. तिने इतरांसाठी काय शिवले, हीच तिची ओळख ठरली.

अर्थात प्रत्येक गोष्टीला कात्री लावता येत नाही. दहनानंतरची रक्षा कुटुंबीयांनी वाटून घेऊ नये, तिचे दागिने किंवा आठवणवस्तू करू नयेत, असे व्हॅटिकनने २०१६ साली स्पष्ट केले. पुनरुत्थानाची वाट पाहणारा देह ही आपली मालमत्ता नव्हे. लुगड्याची गोष्ट निराळी. त्याच्या पदराने आईने आमची तोंडे पुसली होती, चुलीवरची भांडी उतरवली होती. ते तिने स्वतःपुरते कधी ठेवलेच नव्हते.

हे सारे मी बहिणीला सांगितले. तिला ते पटले असे म्हणता येणार नाही. पण तिने एक लुगडे अखंड मागून घेतले आणि बाकीच्यांना संमती दिली. मावशी म्हणाली, “तेही बरोबरच आहे.” दुःखाची घडी प्रत्येकाची निराळी असते, ती दुसऱ्याने मोडू नये, हे मला त्या दिवशी उमगले.

ओटीवर लुगडी अंथरली. विरलेले तुकडे आत, धड भाग वर आणि खाली, असे थर लावून मावशीने कच्चे टाके घातले. मग आम्ही चारही बाजूंनी धावदोरा घालीत मध्याकडे सरकू लागलो. वर्षभर आम्ही भावंडे आईविषयी एकमेकांशी नीट बोललो नव्हतो. हात कामात गुंतले आणि नजर टाक्यावर राहिली, तसे बोलणे सोपे झाले. भावाने प्रथमच विचारले, “शेवटी तिने माझे नाव घेतले होते का?” बहिणीने मान न उचलता सांगितले, “दोनदा.” त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, सुया तेवढ्या चालत होत्या. भावाचे टाके लांब आणि वाकडे होते. बहीण ते उसवायला निघाली, तेव्हा मावशीने तिचा हात धरला. हाताच्या कामाने दुःख नाहीसे होते असे नाही. ज्याला शब्द सापडत नाहीत, त्यालाही त्या कामात जागा मिळते, एवढे मात्र खरे.

चार गोधड्या झाल्या. तीन आम्हा भावंडांच्या. चौथी मावशीने बाजूला काढली आणि पलीकडच्या पाड्यावरील एका नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला द्यायची म्हणून सांगितले. तेव्हा मात्र माझ्याच मनाने माघार घेतली. मार्टिनची गोष्ट सांगणारा मी, आईचे लुगडे परक्याच्या घरी जाणार म्हणताच गप्प झालो! कापणे मला सोपे वाटले होते, कारण सगळे तुकडे घरातच राहणार होते.

“मीच देऊन येते,” बहीण म्हणाली. कात्रीला विरोध करणारी तीच गोधडी काखेत घेऊन पाड्याकडे निघाली. चार पावले मागे राहून मीही तिच्यासोबत गेलो. बाळ झोपलेले होते. त्याच्या आईने गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “किती मऊ आहे!” जुने, अनेकदा धुतलेले सुती कापडच तसे मऊ होते. तो मऊपणा आईच्या हातांनी आलेला होता.