ढाल कोणासाठी?

जो दुसऱ्यांसाठी घाव झेलतो त्याने स्वतःला मजबूत करावे, हे कुणीही मान्य करील. पण मजबूत करणे म्हणजे नेमके काय? घाव चुकवायला शिकणे, की लागलेला घाव सोसायची ताकद वाढवणे? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतच सापडतो असे नाही. संगणकावरच्या अद्भुत खेळांत रमणारी तरुण मुलेही तो सोडवीत असतात.

२००४ साली सुरू झालेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ घ्या. त्यात अनेकजण आपापल्या घरी बसून एकत्र लढतात. त्यांच्यातला एक ‘टँक’ असतो. राक्षसाचे लक्ष आपल्याकडे खेचायचे आणि त्याचे प्रहार अंगावर घ्यायचे, हे त्याचे काम. मागे उभा ‘हीलर’ मंत्राने त्याच्या जखमा भरतो, बाकीचे राक्षसावर तुटून पडतात. टँक पडला की राक्षस मागच्यांकडे वळतो आणि बहुधा सारेच संपतात.

पूर्वी या टँकला आपली आयुधे निवडताना दोन वाटांपैकी एकीकडे झुकावे लागे. एक वाट ‘डॉज’ची, म्हणजे वार चुकवण्याची. दुसरी ‘स्टॅमिना’ची, म्हणजे प्राणशक्ती वाढवण्याची. सरासरीचा हिशेब केला तर पहिली वाट शहाणपणाची दिसते. निम्मे वार चुकले तर निम्मी जखम वाचली! पण सरासरीने कुणी मरत नाही. समजा, एकेक वार २५,००० चा आहे आणि टँकची प्राणशक्ती ६०,००० आहे. निम्मे वार चुकत असले तरी सलग तीन वार लागण्याची शक्यता आठात एक उरते. शंभर-दीडशे वारांच्या लढाईत ती वेळ येणारच. प्राणशक्ती ८०,००० असेल तर तिसऱ्या वारानंतरही तो उभा असतो आणि हीलरला हात पुढे करायला क्षणभर सवड मिळते.

खेळ रचणाऱ्यांनाही हे उमगले होते. चुकवण्याची शक्ती फार वाढली की राक्षसाचे उरलेले वार अतिशय भयंकर करावे लागतात. म्हणून डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या आइसक्राउनच्या गढीत त्यांनी टँकची डॉजची शक्यता सरळ २० टक्क्यांनी उतरवली. पुढे २०१४ मध्ये तर डॉज आणि पॅरी हे गुण नव्या आयुधांवरून काढूनच टाकले.

याचा अर्थ नुसते सोसणे श्रेष्ठ, असा मात्र नाही. प्राणशक्ती वाढल्याने वार हलका होत नाही. जखम तेवढीच राहते, ती भरताना हीलरची मंत्रशक्ती आटते. चिलखताचे तसे नाही. ते शस्त्राचा प्रत्येक वार थोडा बोथट करते, त्यामुळे सोसणाऱ्याचे आणि सावरणाऱ्याचे, दोघांचेही ओझे उतरते. आपल्या सोसण्याचा खर्च दुसऱ्या कुणाच्या खात्यावर पडतो आहे का, हे न पाहणारा त्याग अर्धाच असतो.

आपल्याकडे त्यागाची तारीफ फार होते. घरासाठी झिजणारी आई, भावंडांसाठी शिक्षण सोडणारा थोरला भाऊ यांच्या सोसण्याचे आपण पोवाडे गातो. त्यांना सावरणारे कुणी आहे का, याची फिकीर करीत नाही. टँकच्या कामात पडण्याला कसलीच प्रतिष्ठा नाही. तो शूरपणे पडला काय आणि गाफीलपणे पडला काय, मागचे सारे मरतातच. उलट, एकही ओरखडा न उठलेला टँकही कुचकामी ठरू शकतो, कारण राक्षस त्याला सोडून दुसऱ्यांकडे वळलेला असू शकतो.

म्हणून रक्षकाची कसोटी त्याच्या जखमांवरून होत नाही आणि त्याच्या सुरक्षिततेवरूनही होत नाही. मागच्यांना त्याच्यावर किती भरवसा ठेवता आला, एवढेच पाहायचे. नशिबाने वाचणाऱ्याच्या आडोशाला उभे राहता येत नाही. ज्याचे दुखणे वेळीच कळते आणि ज्याला वेळीच हात देता येतो, त्याच्याच आडोशाला माणसे निर्धास्तपणे आपापले काम करू शकतात.