आम्ही की आपण?

१ जुलै २०१६ रोजी ब्रिटनमधल्या रेल्वे स्थानकांवर, बाजारपेठांत, रस्त्यांवर पहिल्या महायुद्धातल्या गणवेशातले तरुण अचानक दिसू लागले. ते सुमारे १४०० स्वयंसेवक होते. शंभर वर्षांपूर्वी त्याच दिवशी सॉमची लढाई सुरू झाली होती आणि एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मारले गेले होते. कलावंत जेरेमी डेलर यांनी योजलेलं हे हिंडतं स्मारक. कोणी जवळ जाऊन काही विचारलं, तर तो तरुण बोलत नसे. त्या दिवशी मेलेल्या एका सैनिकाचं नाव छापलेलं कार्ड हातात ठेवत असे. कलाकृतीचं शीर्षक होतं 'वी आर हिअर बिकॉज वी आर हिअर'.

हे शीर्षक मराठीत आणायचं तर पहिल्याच शब्दाला अडतं. इंग्रजीतला 'वी' किंवा हिंदीतला 'हम' ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो, ते कळत नाही. मराठीला, गुजरातीला, तमिळला ते सांगावंच लागतं. हे सैनिक 'आम्ही' म्हणताहेत की 'आपण'?

लोकांना सहभागी करून घेणाऱ्या स्मारकांचा ओढा 'आपण'कडे असतो. नावावरून बोट फिरवा, पणती लावा, दोन ओळी लिहा, म्हणजे शोक सर्वांचा होतो. युद्धाच्या बाबतीत मला या शब्दाची धास्ती वाटते. सैन्यभरतीची भाषाही 'आपण'चीच असते: आपला देश, आपली लढाई. खंदकात मात्र 'आम्ही' तेवढे उरतात. ज्या शब्दाने त्यांना धाडलं, तोच शब्द घेऊन शंभर वर्षांनी त्यांच्या शेजारी उभं राहणं फार स्वस्तात पडतं.

कोणी म्हणेल, 'आम्ही' म्हटलं की पाहणारा निव्वळ प्रेक्षक होतो, सुटतो. मला उलटं वाटतं. 'आम्ही'ला समोर 'तुम्ही' लागतो. 'आपण'मध्ये समोर कोणी राहतच नाही, मग जाब कोणी कोणाला द्यायचा? कामावर निघालेल्या माणसाच्या हाती एक अनोळखी नाव येतं आणि त्याचं काय करायचं, हे त्याला कोणी सांगत नाही. सहभाग तिथून सुरू होतो.

मग 'आपण' म्हणण्याचा हक्क कोणाचा? लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये चित्रकार जी. एफ. वॉट्स यांच्या कल्पनेतून १९०० साली उभं राहिलेलं एक स्मारक आहे. दुसऱ्यांना वाचवताना मेलेल्या साध्यासुध्या माणसांची नावं तिथे फरश्यांवर आहेत. त्यांतला जॉन क्रॅन्मर २३ वर्षांचा, कौन्सिलच्या कचेरीतला कारकून. १९०१ साली ऑस्टेंडजवळ एका अनोळखी परदेशी माणसाला वाचवताना तो बुडाला. त्याला कोणी धाडलं नव्हतं. त्या परक्याला त्याने स्वतःचा जीव देऊन 'आपण'मध्ये घेतलं.

म्हणून डेलर यांच्या शीर्षकाचं भाषांतर मी 'आम्ही इथे आहोत, कारण आम्ही इथे आहोत' असंच करीन. त्या वाक्यात माझी जागा नाही; माझी जागा कार्ड घेणाऱ्याची. ते घेतल्यावर एवढं तरी अंगावर येतं, की पुढचं युद्ध कोणी 'आपलं' म्हणून समोर ठेवलं, तर विचारायचं: या 'आपण'मध्ये मरायला नेमकं कोण जाणार आहे?