हातांनी केलेली आठवण

नागपुरातल्या मनीषनगरातून निघून शहर ओलांडले आणि काटोल रोडला लागले, की काही किलोमीटरवर जुनापाणी येते. तिथल्या माळावर मोठमोठ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळे आहेत. विदर्भात लोखंड वापरात आले त्या काळातली ही दफनस्थळे, म्हणजे अडीच हजार वर्षांहूनही जुनी. ज्यांच्यासाठी ती रचली त्यांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. पण एका माणसाला उचलणार नाहीत असे दगड कोणीतरी मिळून ओढत आणले, हे स्पष्ट दिसते. काही दगडांवर तर ओळीने कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे आहेत. अभ्यासकांनी त्यांचे वेगवेगळे अर्थ लावले आहेत. मला मात्र तो कोरणारा हात दिसतो. आपले माणूस गेले आहे, आणि कोणीतरी कठीण दगडावर पुन्हा पुन्हा घाव घालत बसले आहे.

दुःखाला असे हाताशी काम लागते. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची आई ते लहान असतानाच गेली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले. जे सांगायचे ते तो धुळीत चित्र काढून सांगू लागला. पाऊल पडले, वारा आला की धुळीतले चित्र पुसले जाणारच, तरी त्याने काढणे सोडले नाही. पुढे याच हाताने वारली चित्रकला जगभर नेली. लग्नघरच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायकांनी रेखायची ही कला मशेंनी रोजची केली. २००३ मध्ये जर्मनीत त्यांची चित्रे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामासोबत मांडली गेली. हे लाँगही माळरानावर दगडांची वर्तुळे मांडणारे. १९६७ मध्ये ते गवतावरून एकाच रेषेत येत-जात राहिले आणि दबलेल्या गवताची ती वाट हेच त्यांचे चित्र झाले. गवत पुन्हा उभे राहिले असणार. आपल्यामागे फार काही उरत नाही, हे इतक्या शांतपणे सांगणारे चित्र मला दुसरे माहीत नाही. त्यात भीती नाही, म्हणून ते जवळचे वाटते.

आपण गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतो, पितृपक्षात पान वाढतो. ते असावेच. पण साध्या मंगळवारी सकाळी, डबा भरायच्या घाईतही आठवण करता येते, आणि ती हातांनी केली तर जास्त टिकते. आजी गोळाभातावर हिंगाचे तेल घालायची, तसेच आपणही घालावे. बाबांनी लावलेल्या जास्वंदीच्या वाळक्या फांद्या दोन मिनिटे थांबून काढाव्यात. आई किराण्याची यादी पाठकोऱ्या कागदावर लिहायची, आजची यादी तशीच लिहावी. अशा वेळी मन आपोआप त्या माणसापाशी जाते, त्याला मुद्दाम ओढून न्यावे लागत नाही. आणि घरातले लहान मूल विचारतेच, हे असे का करतेस? मग डबा बांधता बांधता त्याला आजीची एक गोष्ट सांगायची.