आरशामागचा अंधार

स्मार्ट मिरर घरी करायला फार काही लागत नाही. एक पडदा, एक छोटा संगणक, पडद्यापुढे अर्धपारदर्शक काच आणि हे सगळं पोटात घेणारी खोलगट चौकट. मायकेल टीव या डच माणसाने २०१४ मध्ये असा आरसा करून त्याची कृती सगळ्यांना खुली केली. ते सॉफ्टवेअर आजही फुकट मिळतं. आईच्या पद्मनाभपूरच्या घरासाठी मी आरसा केला तेव्हा पडदा बंद पडलेल्या लॅपटॉपचा होता आणि रास्पबेरी पाय जुना, घरात पडून असलेला. खरी अर्धपारदर्शक काच महाग, म्हणून साध्या काचेवर खिडक्यांना लावतात ती चकचकीत फिल्म चिकटवली. पडदा चालवणारा बोर्ड आणि सुताराची मजुरी धरून पाच हजारांच्या आत भागलं. आरशात वेळ दिसते, हवामान दिसतं, गोळ्यांची आठवण येते आणि चार मराठी बातम्या. (बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढलं, त्याचं नाव ‘दर्पण’. तेव्हा वर्तमानपत्र आरसा झालं, आता आरसाच वर्तमानपत्र झाला, असं आई म्हणाली.)

प्रश्न कॅमेऱ्याचा होता. आई एकटी राहते, मी पुण्यात. काचेमागे कॅमेरा बसवला की ती सकाळी उठली का, चालताना तोल जातोय का, हे इथून दिसलं असतं. त्याची किंमत सहाशे रुपये. महागाची वस्तू घेताना आपण दहा जणांना विचारतो. सहाशे रुपयांच्या वस्तूसाठी कोणी कोणाला विचारत नाही.

ही काच मुळात काय करते, ते पाहण्यासारखं आहे. फिल्म थोडा प्रकाश परत फेकते, थोडा आत सोडते. खोलीत उजेड आणि काचेमागे अंधार असेल, तरच खोलीतल्या माणसाला आपला चेहरा दिसतो. पडद्याचा काळा भाग आरसा राहतो, पांढरी अक्षरं तेवढी बाहेर येतात. म्हणजे उजेडातल्याने स्वतःला पाहायचं आणि अंधारातल्याने त्याला पाहायचं, अशी ही वाटणी. पोलिसांच्या चौकशीच्या खोलीत हीच काच असते. जेरेमी बेंथमने १७९१ साली मांडलेल्या तुरुंगाच्या आराखड्याचा गाभाही हाच: पहारेकरी दिसू नये, कैदी सतत दिसावा. माझे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. भट्टीच्या झरोक्यातून ते निळ्या काचेतून पाहत. ती काच पाहणाऱ्याचे डोळे वाचवायची, त्याला लपवत नव्हती.

कायदा इथे फारसा कामाचा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातून घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने वापरलेली माहिती वगळली आहे. ते योग्यच वाटतं; मायलेकांत सरकार कशाला? मात्र कायदा उंबऱ्याशी थांबला की आत फक्त आपली समजूत उरते. आणि मुलांची समजूत अशी, की काळजी म्हटलं की परवानगी आपोआप मिळते.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, “तू बघशील तेव्हा मला कळेल का?”

कळेल, दिवा लावता येईल, असं मी म्हणालो.

“मग फोनच कर ना. आरशासमोर मी पदर नीट करते, दात काढून ठेवते. तिथे कोणी नसतं म्हणूनच ना?”

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते खोटं नव्हतं: न्हाणीघरात पडलीस तर? तिने ते उडवून लावलं नाही. शेवटी कॅमेऱ्याऐवजी हालचाल ओळखणारा साधा सेन्सर बसवला. त्यात चित्र नाही. सकाळी कोणी आरशासमोर आलं, एवढंच मला कळतं. त्याचं बटण आईच्या हाताशी आहे. हेही पाळत ठेवणंच आहे, हे मला मान्य आहे. पण याचा आवाका तिला माहीत आहे आणि तो बंद करता येतो. मधे दोन दिवस तिने बंद ठेवला होता. का, ते मी विचारलं नाही, फोन मात्र दोनदा केला.

आता शेजारच्या काकू मागे लागल्या आहेत, त्यांच्या सासूबाईंसाठी असाच आरसा हवा, कॅमेऱ्यासकट. सासूबाई रात्री कडी काढून बाहेर पडतात. मी आईच्या बाबतीत जे पाळलं ते इथे लागू होत नाही. त्यांना विचारलं तर ‘हो’ म्हणतात आणि पाच मिनिटांनी मी कोण ते विचारतात. मी चौकटीचं माप घ्यायला गेलो, तर खोलीतल्या जुन्या आरशावर चादर टाकलेली. आत कोणी परकी बाई उभी असते म्हणून त्या घाबरतात, काकू म्हणाल्या. आरसा नको, नुसता कॅमेरा दाराशी लावू, असं मी सुचवलं. काकूंनी होकार दिला. सासूबाई पलंगावर बसून माझ्या हातातल्या टेपकडे बघत होत्या. मी त्यांनाही विचारलं.