दोन पंचांगांचे घर

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न मराठी माणूस मराठी माणसाला पहिल्या भेटीत विचारल्यावाचून राहत नाही. आम्ही लखनौच्या अमीनाबादेत जन्मलो, तेथेच वाढलो, तेथल्याच शाळेत शिकलो. तरी या प्रश्नाला वर्षानुवर्षे ‘सातारा’ असेच उत्तर देत आलो. साताऱ्यातील आमचे एकंदर वास्तव्य, लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या मिळवून, सहा महिनेही भरणार नाही. असे असता ते उत्तर खोटे होते काय? अगदीच खोटे नव्हे. परंतु त्यात लखनौवर अन्याय होता, आणि तो कळावयास आम्हांस फार वर्षे लागली.

वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त येथे आले. ‘ही आपली कर्मभूमी, जन्मभूमी तिकडे,’ असे ते म्हणत. ही वाटणी ऐकावयास सुरेख आहे. पण व्यवहारात तिचा अर्थ असा होतो की एका गावाला मन द्यावयाचे आणि दुसऱ्याकडून पगार घ्यावयाचा. मराठी मंडळींचा गणेशोत्सव, कोजागरी, दिवाळीचा फराळ एवढ्यात वडिलांचे वर्ष संपे. बाहेरच्या नगरात काय चालले आहे याची चौकशी ते करीत ती गाड्या वेळेवर सुटतील की नाही एवढ्यापुरती.

आईचे तसे नव्हते. गडबडझाल्याच्या बाजारात तिचा एक ठरलेला कासार होता. श्रावण जवळ आला की मंगळागौरीसाठी काचेच्या हिरव्या बांगड्या तो न सांगता बाजूला काढून ठेवी, आणि ‘आपकी वाली हरी आ गई, बहनजी,’ म्हणून हाक मारी. आमच्या घरातून लखनौत खऱ्या अर्थाने पहिले कोण राहावयास गेले असेल, तर ती आई.

आम्ही मात्र वडिलांच्या वळणावर गेलो. डोळे उघडले ते एका लाजिरवाण्या प्रसंगाने. पुण्याहून एक वृद्ध पाहुणे आले होते. चहा होताच ते म्हणाले, ‘मला परीखाना दाखवा.’ कोणता परीखाना, असे आम्ही विचारताच ते चकित झाले. कैसरबागेतील ज्या वास्तूत वाजिद अली शाहने नृत्यगायनाचे शिक्षण देवविले, तेथेच पुढे विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने उभे राहिलेले संगीत महाविद्यालय नांदले, हे त्यांनी आम्हांस सांगितले. आमच्या घरापासून ती वास्तू पायी पंधरा मिनिटांच्या वाटेवर. आणि तेथे आम्ही कधी पाऊल टाकले नव्हते!

त्यानंतर जे वाचले, ऐकले, ते थोडक्यात देतो. भातखंडे मुंबईचे वकील. त्यांनी वकिली बाजूला ठेवून देशभर फिरून चिजा जमविल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. चौथी आणि पाचवी लखनौत झाली. त्यातून १९२६ साली रायराजेश्वर बली प्रभृतींच्या साहाय्याने येथे महाविद्यालय निघाले आणि त्यास प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव दिले गेले. आज तेच भातखंडे यांच्या नावाचे विश्वविद्यालय आहे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी पाव शतकाहून अधिक काळ त्याची धुरा वाहिली. भातखंडे उस्तादांच्या शास्त्राविषयीच्या अज्ञानावर कठोर लिहीत. त्यांना भोळा प्रेमिक कोणी म्हणणार नाही. परंतु टीका करण्यापूर्वी ते त्या उस्तादांपुढे वही घेऊन बसले होते. आम्ही तर न ऐकताच या शहराला परके ठरविले होते.

मग आम्ही जाऊ लागलो. प्रथम महाविद्यालयातील बैठकींना. पुढे सफेद बारादरीत २०१० पासून फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या सनतकदाच्या उत्सवास. एकदा कालका-बिंदादीन यांच्या ड्योढीवर, जेथे कथकाच्या लखनौ घराण्याच्या पिढ्या वाढल्या. येथे एक आक्षेप येतो आणि तो आम्ही स्वतःच घेत होतो. कार्यक्रम पाहून जडलेले प्रेम हे यात्रेकरूचे प्रेम नव्हे काय? सतरंजीवर दोन घटका बसावे, ‘वाहवा’ म्हणावे, घरी यावे; यात नगराचे आपण काय लागलो?

या आक्षेपाचे उत्तर आम्हांस इमामबाड्यात सुचू लागले. मुहर्रममधील एका मजलिसीस एका मित्राने नेले. वाद्य नाही, तरी सोझ म्हणणाऱ्यांच्या आवाजात राग स्पष्ट ओळखू येत होता. मीर अनीस (१८०३–१८७४) यांच्या मर्सियांत करबल्याचे वीर आणि त्यांच्या आयाबहिणी अवधच्या खानदानी घरांतल्यासारख्या बोलतात, हे मित्राने हळूच सांगितले. आम्हांस आमचे कीर्तनकार आठवले; त्यांची सीताही मराठी सासुरवाशिणीचेच बोलते! शेजारच्या वृद्धाने काही न विचारता सरकून जागा दिली.

त्याच रात्री कळले की १९७७ पासून १९९८ पर्यंत या शहरात मुहर्रमच्या मिरवणुकांवर बंदी होती. आमचे सारे बालपण आणि तारुण्याचा बराच भाग त्या वर्षांतला. रस्ते त्या दिवसांत शांत असत. आम्हांस वाटे, असेच असावयाचे. शेजारच्या गल्लीत एकवीस वर्षे एक दुःख घरात कोंडून बसले होते, आणि आम्हांस त्याची वार्ता नव्हती. त्या बंदीमागे दंगली होत्या, प्राणहानी होती. तिचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण ते ऐकून प्रथमच वाटले की आपलेही काही हरवले होते. यात्रेकरूला परगावच्या बंदीचे असे काही वाटत नसावे.

तर मग आमच्या वडिलांचे चुकले काय? मीर तकी मीर १७८२ मध्ये दिल्लीहून येथे आले आणि १८१० मध्ये येथेच वारले. अठ्ठावीस वर्षे त्यांनी दिल्लीसाठी उसासे टाकले, लखनौला नावे ठेविली. लखनौने त्यांना मान दिला. पण त्यांची कबर पुढे रेल्वेच्या रुळांपाशी नाहीशी झाली असे मानतात. वडिलांनीही हट्टाने सांगून ठेविले होते. त्यांच्या अस्थी आम्ही संगम माहुलीस नेल्या. त्यांचे साताऱ्यावरचे प्रेम खरे होते, आणि ते दुसरीकडे वळवा असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र ज्या गावाचे पाणी आपण पितो त्याच्याकडे लक्ष देणे, हे आमच्या मते ऋण आहे. ते त्यांनी फेडले नाही, असे आम्हांस दुःखाने वाटते. आणि ते अर्धे आमच्याही माथी आले, हेही कबूल करतो.

आता घरात दोन पंचांगे असतात. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे ज्येष्ठातला पहिला ‘बडा मंगल’ येतो तेव्हा आमच्या मराठी पंचांगात अद्याप वैशाख वद्य चालू असते. ज्येष्ठातल्या मंगळवारी सारे लखनौ रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्यास पुरी, भाजी, सरबत वाढते. अलीगंजच्या हनुमान मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर आहे. ते एका नवाबाच्या बेगमेने बांधविले अशी कथा सांगतात. पत्नी पहिल्या वर्षी म्हणाली, ‘अहो, आपल्या पंचांगात तर अजून ज्येष्ठ लागलाच नाही.’ आम्ही म्हणालो, ‘रस्त्यावर लागला आहे.’

गेल्या काही वर्षांपासून आमच्या गल्लीच्या मांडवात मराठी घरांकडे पन्ह्याचे काम असते. प्रथम वर्षी आम्ही आईच्या पद्धतीने गूळ आणि वेलदोडा घालून पन्हे केले व अभिमानाने भांडे मांडले. एका रिक्षावाल्याने घोट घेतला, क्षणभर थांबला, आणि अत्यंत अदबीने म्हणाला, ‘बाबूजी, बहुत उम्दा है, बस, इसमें नमक, जीरा और पुदीना रह गया है.’ पुढच्या मंगळवारी आम्ही दोन भांडी ठेविली. जिऱ्यापुदिन्याचे आधी संपले. गुळाचे अर्धे उरले होते. ते दुपारी तोच रिक्षावाला आपल्या मुलांसाठी बाटलीत भरून घेऊन गेला.