मागण्याआधीचा हिशोब

नांदेड-लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन आणणारा शेतकरी कायद्याच्या नजरेत मालक असतो आणि त्याचा माल सौद्याला लावणारा अडत्या त्याचा प्रतिनिधी. 1872च्या करार कायद्याने या प्रतिनिधीवर कडक बंधने घातली आहेत. मालकाला अंधारात ठेवून त्याने त्याच्या व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर तो नफा मालक मागू शकतो. मात्र याच कायद्याच्या 202व्या कलमाखाली एक उदाहरण आहे: कापसाच्या 1,000 गाठींवर ज्याने आधीच उचल दिली आणि जो त्या विकून ती वळती करून घेणार आहे, त्याचा विक्रीचा अधिकार मालकाला काढून घेता येत नाही. मालक मेला तरी तो संपत नाही. अडत्या शेतकऱ्याला पेरणीआधी देतो ती उचल या कलमात काटेकोरपणे बसेलच असे नाही, पण व्यवहारात परिणाम तोच होतो. महाभारतात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की आपण कौरवांच्या अर्थाने, म्हणजे धनाने, बांधलेले आहोत. तिथे निदान चाकर बांधलेला होता, इथे मालकच बांधला गेला आहे. मग अशा अडत्याकडून निष्ठेची अपेक्षा ठेवण्यात अर्थ काय?

माझ्या मते अर्थ इथेच सुरू होतो. ज्याला काढून टाकता येते, त्याची निष्ठा आणि त्याचे भय वेगळी करता येत नाहीत; ज्याला काढता येत नाही, त्याचीच निष्ठा कसाला लागते. कोणी म्हणेल, अडत म्हणजे अडत्याची दलाली कोण देतो यावर सारे ठरते. 2016मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. शेतकऱ्याचा भार त्याने हलका झाला हे खरे. पण पैसे खरेदीदाराचे आणि निष्ठा शेतकऱ्याशी, हा पेच त्याने उलट वाढला. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: बँक दारात उभे करत नाही तेव्हा अडत्याच बियाण्याला पैसे देतो. हे उपकार नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. तरी उचलीने त्याला वसुलीचा हक्क मिळतो. माल कधी आणि कोणाला विकायचा, हे ठरवण्याचा हक्क त्याला त्यातून मिळत नाही. 213वे कलम म्हणते की मालकाने मागितल्यावर हिशोब द्यावा. पण उचलीखाली दबलेला माणूस तो मागणार कोणत्या तोंडाने? म्हणून न मागता हिशोब देणे हे अडत्याचे पहिले कर्तव्य ठरते, आणि त्यात विक्रीची पट्टी व उचलीचे खाते वेगवेगळ्या कागदांवर हवे. एकाच कागदावर दोन्ही आले की भाव कुठे पडला आणि व्याज कुठे चढले, हे शेतकऱ्याला कळत नाही.